आदेशाचं अस्तर

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारचे तीन वाजलेत. फळा धुऊन गॅलरीत उन्हाला लावायचा आणि सुकला की काळ्या रंगाचा एक हात द्यायचा, एवढंच आजचं काम. डबा उघडून ठेवलाय, ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजतोय. फळ्यावर सकाळचं अक्षर तसंच आहे आणि मी ओलं फडकं हातात घेऊन स्टुलावर बसले आहे. आज सकाळी मी चौदा माणसांना चुकीचं सांगितलं.

उद्या आमच्या वॉर्डाच्या समुदाय भवनात रेशन कार्डातून गळालेली नावं परत घालायचं शिबिर आहे. एकच दिवस. मी सांगितलं, कार्ड आणि आधारची झेरॉक्स घेऊन घरातलं कोणीही या, चालेल. मघाशी फळा पुसायच्या आधी आदेशाची पानं उचलून ठेवताना शेवटचं पान उलटलं गेलं. त्यावर चार ओळी होत्या. ज्याचं नाव घालायचं त्यानं स्वतः यायचं, अंगठा तिथंच द्यायचा. म्हणजे उद्या हे चौदा जण रजा काढून नाही तर धंदा सोडून भलत्याच माणसाला रांगेत उभं करणार आणि हात हलवत परत येणार.

"ग्रुपवर टाक की," आतून नवरा म्हणाला. "दोन ओळींचं काम."

बरोबर आहे त्याचं. दुसरं काही असतं तर टाकून मी रंगाला लागलेही असते. पण हा फळा माझा नाही. तो आमच्या आमदारांचा आहे.

ते आता नाहीत आणि शेवटी शेवटी आमदारही नव्हते, पण म्हैसूरच्या आमच्या कुवेंपुनगरात अजून त्यांना आमदारच म्हणतात, कन्नडमध्ये शासकरु. धंद्यानं शिंपी. देवराज मोहल्ल्यात त्यांचं कोटांचं दुकान होतं. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, घरात मराठी, पण ती अशी की पहिल्या दिवशी मला निम्मीच कळली. मी लग्नानंतर सांगलीहून इथं आले, नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर झेरॉक्सचं दुकान टाकलं. माझं मराठी ऐकून ते म्हणायचे, "अक्का, तू बोलतीस ते रेडिओवानी वाटतंय."

ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा निवडून येऊन महिना झाला असेल. मळकट पांढरा शर्ट, गळ्यात टेप. टेप ते कधीच काढत नसत. विधानसभेच्या दारावरच्या शिपायानं तो काढायला सांगितला होता आणि यांनी त्याच्याच खांद्याचं माप घेऊन "तुझा युनिफॉर्म एका बाजूला उतरलाय" असं सांगून आत प्रवेश मिळवला होता, असं त्यांचा ड्रायव्हर शपथेवर सांगे. माझ्याकडे ते एक सरकारी आदेश घेऊन आले होते. मी प्रती काढून दिल्या. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, सरळ उलटा केला आणि शेवटचं पान वाचायला लागले.

"सुरुवात इकडं आहे," मी म्हटलं.

"सुरुवात सगळेच वाचत्यात," ते म्हणाले. "नोडु, बघ, आदेश म्हणजे कोट. वरचं कापड मंत्री दाखवतो, पेपरवाला दाखवतो. मी कोट उलटा करतो. अस्तर बघतो. कुठं ठिगळ हाय, कुठं टाका सुटलाय, ते तिथंच दिसतं."

मग खिशातून शिंप्याचा निळा खडू काढून त्यांनी तळातल्या एका ओळीवर रेघ मारली. त्या ओळीत लिहिलं होतं की सवलत कोणाला नाही. माझ्या दुकानात त्याआधी शेकडो आदेशांच्या प्रती निघाल्या असतील. ती ओळ मी एकदाही वाचली नव्हती.

दर रविवारी सकाळी सात वाजता बस थांब्याजवळच्या बागेत, करंजाच्या झाडाखाली, ते हा फळा लावत. शेजारी लाकडी स्टूल. माईक नाही, कार्यकर्ते नाहीत, हार तर नाहीच. हार घेऊन कोणी आलं की म्हणत, "हे उतरवायला मला खुंटी कुठाय इथं?" बंगळुरात अधिवेशन असलं तर शनिवारी बसनं परत यायचे. आठवड्यात सरकारनं काय ठरवलं ते लोकांना सांगायचं, बस्स. तीस माणसं असोत की तीन. एकदा पावसात मी आणि एक कुत्रं एवढेच होतो. त्यांनी तितक्याच मोठ्या आवाजात सांगितलं.

फळ्यावर तीन रकाने. पहिला 'बंतु', म्हणजे आलं. दुसरा 'बरुत्तंते', येणार म्हणतात. तिसरा 'गोत्तिल्ला', ठाऊक नाही. तिसरा रकाना नेहमी सगळ्यात लांब असायचा. लोकांनी विचारलेलं जे जे त्यांना येत नसे ते तिथं जाई आणि पुढच्या रविवारी आधी त्याची उत्तरं. मी आयुष्यात बरेच पुढारी पाहिलेत. मला ठाऊक नाही, असं स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करणारा हा एकच.

आणि मग ती सवय, जिला लोक सगळ्यात जास्त वैतागत. सांगून झालं की प्रत्येकाला म्हणायचे, "इन्नोंदु सल हेळि." पुन्हा एकदा सांगा. ऐकणाऱ्यानं ते जसंच्या तसं परत सांगायचं. चुकलं तर ते पुन्हा समजावत, पुन्हा वदवून घेत. जमलं की त्याचं नाव मापाच्या वहीत टिपून घेत. हो, शिंप्याची मापाची वही, छाती-कंबर-बाही असे छापील रकाने असलेली. निवृत्त इंजिनिअर, बँकेतली माणसं चिडायची.

"आम्ही काय शाळेत आलोय?" एकदा एका मॅनेजरनं विचारलं.

"नाही सर. ट्रायलला आलाय. कोट घालून बघितल्याबिगर मी गिऱ्हाईकाला सोडत नाही."

मॅनेजरनं परत सांगितलं आणि तीनपैकी दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. सगळी बाग हसली. त्यानंतर तो दर रविवारी पहिल्या रांगेत.

घरच्या कर्त्या बाईच्या खात्यात पैसे येणार असं ठरलं, त्या रविवारी बागेत उभं राहायला जागा नव्हती. सगळ्या सासवा एकीकडे, सुना दुसरीकडे. कार्डावर जिचं नाव कर्ती म्हणून आहे तिलाच मिळणार, असं त्यांनी सांगितलं. एक सून उठून म्हणाली, "पण घर मी चालवते, शासकरे!"

"ते मला ठाऊक हाय. तुझ्या सासूला पण ठाऊक हाय. कार्डाला ठाऊक नाही." मग सासूकडे वळून, "अम्मा, तुम्ही सांगा, कुणाला मिळणार?"

सासूनं तोंड वाकडं करून सांगितलं, "मला. पण भाजी हीच आणते."

"हे दुसरं वाक्य आदेशात नाही," ते म्हणाले, "पण मी लिहून घेतो." आणि खरंच वहीत लिहिलं.

बायकांना बस मोफत झाली तेव्हा ते आठवडाभर सिटी बसनं हिंडले. कंडक्टर बायकांना शून्याचं तिकीट नीट देतो की तोंड वाजवून देतो, हे बघायला. स्वतःचं तिकीट काढून मागे उभे. कोणी ओळखून जागा दिली तर म्हणायचे, "बसलो तर दिसत नाही." बागेत येऊन त्यांनी कुठल्या बसमध्ये चालतं, कुठल्या बसमध्ये नाही, ओळखपत्र कुठलं लागतं, हे सगळं सांगितलं. बाया खूश. पण ते सांगताना त्यांच्या तोंडावर योजना आपली असल्याचा भाव कधी नसे. चांगल्या योजनेचं अस्तरही ते तितकंच उसवून दाखवत, मग ती त्यांच्या पक्षाची असो की दुसऱ्याची. त्यांच्या पक्षातले लोक म्हणत, हा माणूस आपला आहे की कोणाचा? हे मला कळायचं नाही असं नाही. मलाही वाटायचं, थोडं पुढचं कापड दाखवलं तर काय बिघडेल.

आता मूळ गोष्ट सांगते.

आदेश उतरवून छापून द्यायचं काम तोपर्यंत माझ्याकडे आलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी साइटवरून काढायची, सगळी पानं टाचून ठेवायची. एका शनिवारी वृद्धांच्या पेन्शनच्या तपासणीचा आदेश होता. सोमवारपासून तीन दिवसांत तालूक कचेरीत समक्ष हजर राहा, असा. त्याच्याखाली वेगळी एका पानाची फाइल होती. एका ओळीची दुरुस्ती. मला वाटलं तेच पुन्हा टाकलंय. दुकानात गर्दी होती. मी ती छापली नाही.

त्यांनी शेवटचं पान बघितलं, सही होती, शिक्का होता. "एवढंच?" त्यांनी विचारलं. "एवढंच," मी म्हटलं.

रविवारी त्यांनी म्हाताऱ्या माणसांना सोमवारी तालूक कचेरीत जायला सांगितलं. सगळ्यांकडून परत वदवून घेतलं. फक्त एक जण राहिली, पुट्टम्मा. ती बस थांब्यावर मल्लिगे, म्हणजे मोगरा, विकते, आजही विकते. पहाटे देवराज मार्केटातून टोपली भरून आणते आणि हाताच्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून गजरे देते. त्याला इथं मोळ म्हणतात. आमदार तिला नेहमी चिडवत, "पुट्टम्मा, तुझा मोळ टेपला लावू का? स्वल्प आखूड झालाय." ती म्हणे, "तुझा टेप ताणलेला आहे." त्या दिवशी तिची टोपली भरलेली होती आणि ऊन चढत होतं. त्यांनी तिला थांबवलं, "हेळु बघू." मीच म्हटलं, "जाऊ द्या हो त्यांना. फुलं सुकतायत." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तिला जाऊ दिलं.

रविवारी दुपारी चार वाजता मला ती दुसरी फाइल पुन्हा दिसली. त्या एका ओळीत जागा बदलली होती. तालूक कचेरी नाही, वॉर्डाचं ऑफिस. मी पळत त्यांच्या दुकानात गेले. ते कोणाच्या तरी कोटाला अस्तर टाचत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला. सुई उशीला टोचली. मापाची वही घेतली आणि चपला घातल्या.

"फोन करूया ना," मी म्हटलं. "मी अर्धे करते."

"फोनवर माणूस हो म्हणतो आणि कूस बदलतो. चुकीचं तोंडानं सांगितलंय, तोंडानंच परत घ्यायला पाहिजे."

वहीत सव्वीस नावं होती. आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर सव्वीस घरी गेलो. प्रत्येक दारात ते उभे राहून एकच वाक्य म्हणायचे, "सकाळी मी चुकीचं सांगितलं." मग बरोबर सांगायचे. मग, देवाशपथ, परत वदवून घ्यायचे. कोणी आत बोलावलं तर जायचे नाहीत. एका घरी कॉफी आधीच ओतलेली होती, ती उंबऱ्याबाहेर उभ्यानं प्यायले. मी प्रत्येक दारात वाट बघत होते, की आता म्हणतील, या बाईनं पान दिलं नाही. सव्वीस वेळा वाट बघितली.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी मीच म्हटलं, "चूक माझी आहे, तुम्ही सांगत का नाही?"

"कोट आखूड झाला तर गिऱ्हाईक कापड आणणाऱ्याचं नाव विचारतो का? शिवला कुणी?"

पुट्टम्माचं नाव वहीत नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे कोणी गेलं नाही. आम्हा दोघांनाही ती आठवली नाही. सोमवारी ती भरली टोपली घेऊन तालूक कचेरीच्या रांगेत दिवसभर उभी राहिली, कारण तपासणी झाली की तिथूनच थांब्यावर जायचा तिचा बेत होता. पाच वाजता तिला सांगितलं, इथं नाही. तोपर्यंत टोपलीतल्या कळ्या सगळ्या उमलून पिवळ्या पडल्या होत्या.

मंगळवारी पहाटे ते देवराज मार्केटात फुलांच्या ओळीत जाऊन तिची वाट बघत उभे राहिले. मी होते. ती आली आणि तिनं सगळ्या मार्केटादेखत त्यांना फाडलं. "तू काय शासक? माझा दिवस शिवून देशील का? अख्खी टोपली वाया! तुला मत दिलं त्या बोटाला शाई लागली, तीच बरी होती!" फुलवाल्या हसत होत्या, एक जण फोन धरून होता. ते मान खाली न घालता, तिच्याकडे बघत ऐकत राहिले. मी हळूच म्हटलं, टोपलीचे पैसे देऊन टाकूया. ते म्हणाले, "दिले की ती गप होईल. तिला बोलू दे." ती दमल्यावर त्यांनी तिला बरोबर जागा सांगितली. तिनं काही ते परत सांगितलं नाही. पाठ करून निघून गेली. बरेच रविवार बागेकडे फिरकली नाही.

पुढच्या रविवारी फळ्यावर चौथा रकाना आला. 'नन्न तप्पु.' माझी चूक. खाली सगळं लिहिलेलं: काय सांगितलं, खरं काय होतं, कोणाचा दिवस गेला. खाली सही. महिनाभर ते पुसलं नाही. वर्षाच्या आत निवडणूक लागली तेव्हा समोरच्यांनी त्या फळ्याचा फोटो मोठा करून भिंतीभिंतीवर लावला. 'तुमचा आमदार स्वतःच सांगतो' असं वर छापून. मी माझ्या दुकानासमोरचं पोस्टर बघून हादरले. त्यांना म्हटलं, निदान आता तरी सांगा लोकांना की पान माझ्याकडून राहिलं. मी माईकवर सांगते.

त्यांनी पोस्टरपुढे उभं राहून चष्मा वर केला. "फोटो चांगला आलाय," ते म्हणाले. "अक्षर वाचता येतंय."

ते हरले. थोडक्यानं नाही, चांगले हरले. पोस्टरमुळेच असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ असतात. पण माझ्या डोक्यातून ते पान काही जात नाही.

निकालानंतरच्या रविवारी पावणेसातला मी सहज बागेत गेले. वाटलं, स्टूल तरी घरी न्यावं. ते फळा लावत होते. गळ्यात टेप, हातात पानं उलटी धरलेली.

"आता कशाला?" माझ्या तोंडून गेलं.

"हरलो मी," ते म्हणाले. "आदेश हरला नाही. आला की तो. कुणीतरी सांगायला नको?"

नव्या आमदारांचे चारपाच कार्यकर्ते महिन्याभरानं तावातावानं आले. योजना आमच्या सरकारची, ती सांगणारा हा कोण? यांनी लगेच खडू त्यांच्यापुढे केला आणि स्वतः खाली गवतावर जाऊन बसले. कार्यकर्त्यानं पहिलं पान दणक्यात वाचलं. टाळ्या पडल्या. खालून आवाज आला, "शेवटचं पान?" त्यानं उलटून बघितलं, थबकला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "हे मला गोत्तिल्ला."

"मग तिसऱ्या रकान्यात लिही मरी," आमदार म्हणाले. बाळा म्हणाले त्याला. आणि तो चाळिशीचा माणूस लिहायला लागला.

गेल्या वर्षी ते गेले. आजार छोटा, दवाखाना छोटा, गर्दी मोठी. मी रडले नाही. खुर्च्या कमी पडत होत्या, त्या आणायला गेले. तेराव्यानंतर त्यांच्या मुलीनं फळा, स्टूल आणि मापाची वही माझ्या दुकानात आणून ठेवली. "अप्पांनी सांगितलंय," एवढंच म्हणाली. मी आमदार नाही, पक्षात नाही, माझं कन्नड आजही लोकांना हसवतं. तरी पुढच्या रविवारी सात वाजता फळा लावला, कारण तिसऱ्या रकान्यातले त्यांच्या हातचे पाच प्रश्न तसेच होते.

आणि आज सकाळी मी शेवटचं पान उलटलं नाही. घाई नव्हती, गर्दी नव्हती. टाळ्या पडत होत्या, एवढंच.

मी फडकं बादलीत टाकलं. रंगाचं झाकण लावलं. फळ्यावर चौथ्या रकान्याची रेघ ओढली आणि लिहिलं. मग वही उघडली. चौदा नावं.

"कुठं निघालीस?" नवऱ्यानं विचारलं. "ग्रुपवर नाही टाकलंस?"

"टाकलं. आता सांगायला चालले."

संध्याकाळपर्यंत तेरा दारं झाली. दोघं हसले. एकीनं दार लावून घेतलं. एका घरी म्हातारबुवा म्हणाले, "त्यांच्यासारखंच करतीस की गं तू," आणि मला तिथून पटकन निघावं लागलं. चौदावं नाव पुट्टम्माचं. घराला कुलूप. लग्नाला गेलेत, पहाटे ती थेट मार्केटात जाईल, असं शेजारणीनं सांगितलं. तिच्याकडे फोन नाही. सकाळी ती मला म्हणाली होती की सुनेला पाठवते, माझी टोपली बुडवायची नाही. सून गेली तर पुट्टम्माचं नाव कार्डात येणार नाही. तांदूळ येणार नाहीत.

सोमवारी पहाटे पाचला मी देवराज मार्केटात फुलांच्या ओळीत जाऊन उभी राहिले. ती आली, टोपली अजून रिकामी होती. मी म्हटलं, "पुट्टम्मा, काल मी चुकीचं सांगितलं. आज सुनेनं नाही, तुम्हीच जायचंय. अंगठा द्यायला. टोपली भरू नका."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी बोलणी खायची तयारी ठेवली. तिनं रिकामी टोपली काखेत मारली आणि म्हणाली, "इन्नोंदु सल हेळु."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्या वाक्यापासून.